सव्हानाचं फर्स्ट आफ्रिकन बॅप्टिस्ट चर्च आणि पाळक अँड्र्यू ब्रायन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे चर्च कुठं आहे आणि त्याचं एवढं नाव का?

अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात, सव्हाना नदीकाठच्या सव्हाना शहरात, फ्रँकलिन चौकात. कृष्णवर्णीयांच्या तिथल्या सर्वांत जुन्या मंडळ्यांमध्ये (मंडळी म्हणजे एकत्र उपासना करणारा समुदाय) हिची गणना होते. २० जानेवारी १७८८ ही तिची रीतसर स्थापनेची तारीख. अमेरिका स्वतंत्र होऊन तेव्हा जेमतेम काही वर्षं झाली होती आणि मंडळीतले बहुतेक सभासद कुणाच्या ना कुणाच्या मालकीचे गुलाम होते.

कायद्याच्या लेखी जी माणसं स्वतःच मालमत्ता, त्यांनी संस्था काढली, पाळक नेमला, जमीन घेतली, इमारत बांधली. ते त्यांना जमलं कसं, हे या इतिहासात सगळ्यात पाहण्यासारखं आहे. 'अमेरिकेतली पहिली मंडळी कोणती' हा वाद त्यामानाने कोरडा. पण तो विचारल्याशिवाय कुणी राहत नाही, म्हणून त्याचंही उत्तर पुढे दिलं आहे.

अँड्र्यू ब्रायन कोण होता?

या मंडळीचा पहिला पाळक. जन्म साधारण १७३७ चा, साउथ कॅरोलायनातल्या गूज क्रीकचा, गुलामीतच. मालकाचं नाव जोनाथन ब्रायन. आडनाव त्याचंच लागलं. जोनाथन मोठा मळेवाला. सव्हानापासून तीनेक मैलांवर ब्रॅम्प्टन नावाचा त्याचा मळा होता. इंग्लंडहून आलेल्या जॉर्ज व्हिटफिल्डच्या प्रवचनांचा या घराण्यावर बराच प्रभाव पडला होता, त्यामुळे आपल्या गुलामांनी प्रार्थना केली तर जोनाथनची हरकत नसे. हा मुद्दा किरकोळ वाटेल, पण पुढे ब्रायनचा जीव त्यामुळेच वाचला असं म्हणायला जागा आहे. अर्थात मालक भाविक होता म्हणून त्याने गुलाम सोडून दिले, असंही झालं नाही.

ब्रायन ख्रिस्ताकडे वळला तो कुणामुळे?

जॉर्ज लाईल या दुसऱ्या एका कृष्णवर्णीय उपदेशकामुळे. लाईलची गोष्ट थोडक्यात सांगून भागत नाही.

लाईलचा जन्म १७५० च्या आसपास व्हर्जिनियात झाला. तो जॉर्जियात हेन्री शार्प या माणसाचा गुलाम होता. शार्प स्वतः बॅप्टिस्ट मंडळीत डीकन, म्हणजे मंडळीच्या कामात मदत करणारा सेवक. लाईलचा बाप्तिस्मा झाल्यावर त्याच्या बोलण्यातली ताकद मंडळीच्या लक्षात आली आणि सव्हाना नदीच्या काठाकाठाने मळ्यांवरच्या गुलामांना उपदेश करायची मुभा त्याला मिळाली. १७७५ मध्ये त्याला उपदेशक म्हणून दीक्षाही देण्यात आली. शार्पने त्याला मोकळं केलं. पुढे स्वातंत्र्ययुद्ध पेटलं, शार्प इंग्रजांच्या बाजूने लढताना मारला गेला आणि त्याच्या वारसांनी लाईलवर पुन्हा हक्क सांगितला. लाईल तुरुंगात गेला. मुक्तीचे कागद दाखवले तेव्हा कुठे सुटका झाली.

१७८२ मध्ये इंग्रजांनी सव्हाना सोडलं. मागे राहिलो तर पुन्हा बेड्या पडणार हे लाईलला कळत होतं. कर्नल कर्कलंड नावाच्या इंग्रज पक्षाच्या अधिकाऱ्याकडून त्याने पैसे उचलले आणि ते फेडेपर्यंत चाकरी करण्याच्या कराराने तो जमैकाला निघाला. जहाज नदीच्या मुखाशी, टायबी इथं काही आठवडे अडकून पडलं. तेवढ्या अवधीत तो शहरात परत आला आणि चौघांना बाप्तिस्मा देऊन गेला : अँड्र्यू ब्रायन, त्याची बायको हॅना, केट हॉग आणि हेगर सिम्पसन. सव्हानातल्या मंडळीचं बीज म्हणजे ही चार माणसं. जहाज वेळेवर सुटलं असतं तर पुढचं काय झालं असतं, सांगता येत नाही.

बॅप्टिस्टच का? बाकीचे पंथ होते की.

होते. पण बॅप्टिस्ट परंपरेत मोठ्या माणसाने स्वतःच्या विश्वासाची कबुली दिली की त्याला पाण्यात पूर्ण बुडवून बाप्तिस्मा देतात. त्यासाठी शिक्षण लागत नाही. उपदेशकालाही विद्यापीठाची पदवी लागत नसे. आतून बोलावणं आलंय आणि मंडळीला ते पटलंय, एवढं पुरे. शिवाय प्रत्येक मंडळी आपला कारभार आपण पाहते, वर बिशप नसतो. गुलामांच्या वस्तीत ही रचना फार सोयीची ठरली.

ब्रायनला फटके का बसले?

लाईल गेल्यावर वर्षभराच्या आत ब्रायन उपदेश करू लागला. शहराच्या कडेला यामाक्रॉ भागात एका साध्या झोपडीवजा जागेत लोक जमायचे. आणि जमणं हीच मालकलोकांच्या लेखी धोक्याची गोष्ट होती. युद्धात हजारो गुलाम इंग्रजांकडे पळून गेले होते. त्यामुळे 'प्रार्थनेच्या नावाखाली हे पळून जायचा किंवा बंडाचा बेत करतात' असा आरोप झाला. रात्रीचे पहारेकरी परवाने तपासण्याच्या निमित्ताने लोकांना पकडू लागले, मारू लागले.

पुढे सुमारे पन्नास जणांना धरून चाबकाने फोडण्यात आलं. त्यात अँड्र्यू होता, त्याचा भाऊ सॅम्पसनही होता. अँड्र्यूच्या अंगातून रक्त वाहत होतं. तशात त्याने हात वर करून मारणाऱ्यांना सांगितलं, की ख्रिस्तासाठी फटके खाण्यात मला आनंदच आहे, वेळ आली तर मरणही पत्करीन. हे त्या काळातच पत्रांतून इंग्लंडपर्यंत पोचलं आणि छापलं गेलं.

त्यांना तुरुंगात टाकलं तेव्हा मालक जोनाथन ब्रायन मध्ये पडला. न्यायाधीशांसमोर चौकशी झाली, दोष काही सापडला नाही. सूर्योदय ते सूर्यास्त या वेळात उपासना करायला परवानगी मिळाली. जोनाथनने ब्रॅम्प्टनवरचं धान्याचं कोठार त्यासाठी दिलं. त्यानंतरही पाळत चालूच होती. असाच एक जण भिंतीआड कान लावून उभा राहिला, तर त्याला आतून ऐकू आली ती फटके मारणाऱ्यांसाठी चाललेली ब्रायनची प्रार्थना.

मग १७८८ मध्ये नेमकं काय झालं?

मंडळी रीतसर झाली. एब्राहम मार्शल हा गोरा बॅप्टिस्ट पाळक आणि जेस्सी पीटर हा कृष्णवर्णीय उपदेशक, दोघे सव्हानाला आले. त्यांनी लोकांच्या विश्वासाची चौकशी केली, चाळीसेक जणांना बाप्तिस्मा दिला, मंडळी स्थापन केली आणि ब्रायनला पाळक म्हणून दीक्षा दिली. मार्शलने तसं लेखी प्रमाणपत्रही लिहून दिलं.

त्या प्रमाणपत्राची किंमत आज चटकन लक्षात येत नाही. ज्या समाजात काळ्या माणसाला रस्त्यावरून जायलाही चिठ्ठी लागत होती, तिथे 'ही मंडळी आहे आणि हा तिचा पाळक आहे' असं सांगणारा गोऱ्या पाळकाच्या सहीचा कागद म्हणजे ढाल होती. शहरातल्या गोऱ्या बॅप्टिस्टांची स्वतंत्र मंडळी नंतर, १८०० मध्ये उभी राहिली. म्हणजे सव्हानात बॅप्टिस्टांमध्ये थोरली पाती काळ्यांचीच.

ब्रायन स्वतंत्र केव्हा झाला?

१७८८ मध्ये जोनाथन वारला. त्यानंतर ब्रायनने वारसांना ५० पौंड देऊन स्वतःला सोडवून घेतलं. दीक्षा मिळाली तेव्हा मात्र तो गुलामच होता. पाळकपद आधी, स्वातंत्र्य नंतर. १७९३ मध्ये यामाक्रॉत जमीन घेतली गेली आणि १७९४ मध्ये तिथे प्रार्थनामंदिर उभं राहिलं.

ब्रायनकडे स्वतःचे गुलाम होते, हे खरं का?

हो. हा प्रश्न गुळमुळीत उत्तर देऊन टाळण्यासारखा नाही. डिसेंबर १८०० मध्ये ब्रायनने लंडनच्या जॉन रिपन या बॅप्टिस्ट पाळकाला पत्र लिहिलं. त्यात स्वतःची मिळकत सांगताना शहरातलं घर, भाड्याने दिलेली जागा आणि चार मैलांवरची ५६ एकर जमीन यांच्याबरोबर 'आठ गुलाम' असा उल्लेख त्याने स्वतःच केला आहे. त्यांच्या शिक्षणाची आणि सुखाची आपण तजवीज करतो, असंही तो लिहितो.

त्याच पत्रात तो सांगतो, की बायकोचं स्वातंत्र्य मी मिळवलं. एकुलत्या एका मुलीचं लग्न स्वतंत्र माणसाशी झालंय, पण ती स्वतः गुलाम आहे आणि त्यामुळे कायद्याप्रमाणे तिची सातही मुलं गुलाम आहेत. पाच नातू, दोन नाती. आई गुलाम तर मूल गुलाम, बाप कुणीही असो, असा कायदाच होता.

आठ गुलामांचा धनी आणि सात गुलाम नातवंडांचा आजा, एकाच पत्रात. ते आठ जण कोण होते, हे पत्र सांगत नाही. काही स्वतंत्र काळे लोक नात्यातल्या माणसांना विकत घेऊन कागदोपत्री गुलाम ठेवत, कारण मुक्त करणं कायद्याने अवघड असे. पण म्हणून ब्रायनचे आठही जण तसेच असतील, असं गृहीत धरून त्याला धुऊन काढणं मला पटत नाही. फटके खाणारा ब्रायन आणि मिळकतीत माणसं मोजणारा ब्रायन, दोन्ही खरे.

पत्रात मंडळीची हकीकतही आहे : सभासद ७०० च्या घरात, दर रविवारी तीन उपदेश, सव्हाना नदीत एका वेळी दहा ते तीस जणांचे बाप्तिस्मे.

जॉर्ज लाईलचं पुढे काय झालं?

जमैकात कर्ज फेडून तो मोकळा झाला. किंग्स्टनमध्ये अमेरिकेहून आलेल्या चौघांना घेऊन त्याने मंडळी सुरू केली. पोटापाण्यासाठी शेती आणि मालवाहतुकीच्या गाड्या. राजद्रोहाच्या आरोपाखाली तिथेही तुरुंग चुकला नाही. मालकाची परवानगी असल्याशिवाय तो गुलामाला सभासद करून घेत नसे. मंडळीसाठी घंटा हवी, म्हणून त्याने इंग्लंडला लिहिलं. कारण काय दिलं, तर सभा केव्हा भरते आणि केव्हा सुटते हे मालकांना ऐकू यावं, गुलाम वेळेवर परततात याची त्यांना खात्री पटावी. देवळाची घंटा भक्तांसाठी असते; ही मालकांसाठी होती.

आपल्याकडे बॅप्टिस्ट मिशनरी म्हटलं की विल्यम केरी आठवतो, १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण छापणारा. केरी बंगालमध्ये उतरला १७९३ साली. लाईल १७८३ मध्ये जमैकात होता, म्हणजे दहा वर्षं आधी. पाठीशी संस्था नाही, वर्गणी नाही, डोक्यावर कर्ज.

अमेरिकेतली पहिली कृष्णवर्णीय मंडळी हीच ना?

कशाला पहिलं म्हणायचं त्यावर आहे. साउथ कॅरोलायनात सिल्व्हर ब्लफ इथं, जॉर्ज गॅल्फिनच्या मळ्यावर, १७७३ ते १७७५ च्या दरम्यान मंडळी उभी राहिली होती. डेव्हिड जॉर्ज तिचा पाळक. तो पुढे नोव्हा स्कोशियाला आणि तिथून सिएरा लिओनला गेला. वर ज्याचं नाव आलं तो जेस्सी पीटर याच सिल्व्हर ब्लफचा. व्हर्जिनियातल्या पीटर्सबर्गची मंडळी १७७४ साल सांगते. सव्हानाचे लोक लाईलच्या दीक्षेपासून, म्हणजे १७७० च्या दशकापासून आपली सुरुवात मोजतात.

सव्हानातच दोन चर्च 'आम्हीच मूळचे' म्हणतात, ते कसं?

१८३२ च्या फुटीमुळे. ब्रायन १८१२ मध्ये वारला, आणि गोऱ्यांच्या बॅप्टिस्ट संघटनेनेही त्याच्याबद्दल दुःखाचा ठराव केला. पुढे पाळक झाला त्याचा भाचा अँड्र्यू मार्शल, मालवाहू गाड्यांचा धंदा करणारा, पैशाने बरा. अलेक्झांडर कॅम्पबेल हा सुधारक उपदेशक सव्हानाला आला तेव्हा मार्शलने त्याला व्यासपीठ दिलं. कॅम्पबेलची मतं बॅप्टिस्टांना पाखंडी वाटत. रण माजलं. गोऱ्यांच्या संघटनेने मार्शलविरुद्ध कौल दिला.

सुमारे २,८०० सभासदांपैकी बहुतेक सगळे मार्शलबरोबर गेले. त्यांनी फ्रँकलिन चौकातली गोऱ्या बॅप्टिस्टांची जुनी इमारत १,५०० डॉलरला घेतली. हेच आजचं फर्स्ट आफ्रिकन. १५५ जण यामाक्रॉतल्या जुन्या जागेवर राहिले. ते आधी थर्ड आफ्रिकन आणि पुढे फर्स्ट ब्रायन बॅप्टिस्ट चर्च म्हणून ओळखले गेले. एकाकडे माणसं आणि पाळकपदाची परंपरा, दुसऱ्याकडे ब्रायनची जमीन. दोन्ही दावे आपापल्या जागी बरोबर आहेत. वारशाच्या भांडणात सातबारा एकाकडे आणि कुलदैवताचे टाक दुसऱ्याकडे असावेत, तसं.

मार्शलचा उपदेश कसा असे?

प्रसिद्ध भूशास्त्रज्ञ चार्ल्स लायेल याने १८४६ मध्ये तो ऐकला. मंडळीत सहाशेक लोक होते. पाहुण्याला उपदेशकाजवळच्या राखीव जागेवर बसवलं गेलं. मार्शलने गरुडिणीचा दाखला दिला : पिल्लाला उंच नेऊन ती सोडून देते आणि ते पडतंय असं दिसलं की विजेसारखी झेपावून जमिनीला लागण्याआधी उचलते. शेवटी तो म्हणाला, की परलोकात देव गरीब-श्रीमंत, काळा-गोरा असा भेद न करता न्याय करील. १८४६ च्या जॉर्जियात, गोऱ्या पाहुण्यासमोर, हे म्हणायला छाती लागते. गुलामांना लिहायला-वाचायला शिकवणं तिथे १८२९ पासून गुन्हा होता. म्हणजे ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांपाशी शास्त्र पोचायचं ते कानांवाटे, पाठांतरातून, गाण्यांतून.

आजची इमारत कधीची? जमिनीतल्या भोकांची काय भानगड आहे?

इमारत १८५९ मध्ये पुरी झाली. तिच्यासाठी वर्गणी गोळा करायला मार्शल म्हातारपणी उत्तरेत गेला आणि परतीच्या वाटेवर १८५६ मध्ये रिचमंडला वारला. बांधकाम मंडळीतल्या गुलाम आणि स्वतंत्र माणसांनी केलं. दिवसभर मालकाचं काम आणि रात्री शेकोट्यांच्या उजेडात इथलं, बायका पदरातून विटा वाहून आणत, असं मंडळीत सांगतात.

खालच्या सभागृहाच्या लाकडी जमिनीला बारीक भोकं पाडलेली आहेत, पत्त्यांतल्या चौकटीच्या आकारात आणि मध्ये फुली. आफ्रिकेतल्या कोंगो लोकांच्या विश्वचिन्हाशी हा आकार जुळतो. मंडळीचं म्हणणं असं, की जमिनीखालच्या पोकळीत पळून आलेले गुलाम लपत आणि ही भोकं त्यांच्या श्वासासाठी होती. लपवाछपवीचा लेखी पुरावा कुणी मागे ठेवत नसतं, त्यामुळे हे परंपरेचं ज्ञान म्हणूनच घ्यावं. भोकं मात्र डोळ्यांनी बघता येतात.

गुलामगिरी संपताना या मंडळीची भूमिका काय होती?

अमेरिकेच्या यादवी युद्धात, डिसेंबर १८६४ मध्ये, उत्तरेच्या जनरल शर्मनच्या फौजेने सव्हाना घेतलं. १२ जानेवारी १८६५ च्या रात्री शर्मन आणि युद्धमंत्री स्टँटन यांनी शहरातल्या वीस कृष्णवर्णीय धर्मसेवकांना बोलावून घेतलं आणि विचारलं, तुम्हाला काय हवं? गॅरिसन फ्रेझर या ज्येष्ठ उपदेशकाने सगळ्यांच्या वतीने सांगितलं : जमीन, म्हणजे स्वतःच्या कष्टावर पोट भरता येईल. चार दिवसांनी शर्मनचा तो प्रसिद्ध हुकूम निघाला, ज्यातून 'चाळीस एकर' ची, म्हणजे मुक्त झालेल्या प्रत्येक कुटुंबाला तेवढी जमीन मिळण्याची आशा जन्मली. वर्ष सरायच्या आत राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सनने तो उलटवला.

त्या वीस जणांची यादी तेव्हाच लिहून ठेवली गेली. फर्स्ट आफ्रिकनचा पाळक विल्यम कॅम्पबेल, वय ५१, मालकिणीच्या मृत्युपत्राने १८४९ मध्ये मुक्त. सभासद सुमारे १,८००, चर्चची मिळकत १८,००० डॉलरची, मंडळीच्या मालकीची. आणि पुढे दोनच शब्द : विश्वस्त गोरे. जुन्या जागेवरच्या मंडळीचा पाळक युलिसिस ह्यूस्टनही हजर होता. फौज शहरात शिरेपर्यंत तो गुलाम होता. वर्षानुवर्षं वर्गण्या काढून, रात्री जागून जे उभं केलं त्याच्या कागदावर सही गोऱ्याची. मला या सगळ्या इतिहासात त्या दोन शब्दांइतकं बोलकं दुसरं काही सापडत नाही.

नागरी हक्कांच्या लढ्यात या मंडळ्या होत्या का?

दोन्ही होत्या. राल्फ मार्क गिल्बर्ट १९३९ ते १९५६ फर्स्ट आफ्रिकनचे पाळक होते. त्यांनी १९४२ मध्ये कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या एनएएसीपीची शहरातली मरगळलेली शाखा पुन्हा उभी केली आणि मतदार नोंदणीचा धडाका लावला. १९४७ मध्ये शहराच्या पोलीस दलात पहिले नऊ कृष्णवर्णीय शिपाई भरती झाले, त्यामागे तो रेटा होता. त्यांच्याच हाताखाली तयार झालेले डब्ल्यू. डब्ल्यू. लॉ पेशाने पोस्टमन आणि मंडळीने फर्स्ट ब्रायनचे. १९५० पासून त्यांनी ती शाखा चालवली. १९६० मध्ये गोऱ्या दुकानदारांवर बहिष्कार पुकारला गेला, तेव्हा लढ्याचं पुढारपण त्यांच्याकडेच होतं. एकाने घडवलं आणि दुसऱ्याने पुढे नेलं. १८३२ चं भांडण त्यात कुठे आडवं आलेलं दिसत नाही.